आरशातला चित्रकार

प्रश्न : मी मालवणात होड्यांवर नावं रंगवतो. तेलरंग पंधराव्या शतकातल्या यान व्हान आयक या युरोपीय चित्रकारानं शोधला म्हणतात, खरं का?

उत्तर : छे हो! अळशीच्या तेलात रंग खलणं आधीपासून होतंच. त्यानं पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवून त्याला झळाळी आणली. १४३४च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागचा फुगीर आरसा बघा. दारातली दोन माणसंसुद्धा त्यात दिसतात. वर भिंतीवर ठसठशीत लॅटिन अक्षरं : 'यान व्हान आयक इथे होता'. तुमच्या धंद्यातलाच म्हणायचा! बर्गंडी या युरोपातल्या संस्थानाच्या ड्यूक फिलिपनं १४२५मध्ये त्याला पदरी ठेवलं, १४२८मध्ये पोर्तुगालला धाडलं. कशाला, तर तिथली राजकन्या इझाबेला हिची चित्रं काढायला, ड्यूकला बघता यावीत म्हणून. कांदेपोहेच की, पण समुद्रापारचे! दोघांचं लग्न जमलं, झालंही. ती चित्रं मात्र हरवली.