वाचक विचारतात : शांघायचं ससून हाउस

प्रश्न : शांघायच्या नदीकाठी ससून हाउस आहे. हे ससून म्हणजे आपल्या ससून डॉकचेच का? तिथल्या जुन्या इमारती बघायच्या तर सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : घराणं तेच. डेव्हिड ससून बगदादहून १८३२ मध्ये मुंबईत आले. त्यांचा मुलगा एलियास १८४४ मध्ये पेढीच्या कामासाठी चीनला गेला. मुंबईहून माळव्याची अफू जायची आणि पेढीला मोठा पैसा तिच्यातून मिळाला. या इमारतींचं कौतुक करताना हे विसरू नये. एलियासचे नातू व्हिक्टर यांनी १९२९ मध्ये ससून हाउस बांधलं. आज तिथे पीस हॉटेल आहे.

नदीकाठच्या रस्त्याला बंड म्हणतात. इमारतींचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात, म्हणून १२ क्रमांकापासून चालायला लागा. ती १९२३ ची हाँगकाँग-शांघाय बँक : घुमट, खांब, सगळा युरोपीय अभिजात थाट. आत छतावरच्या मोझेकमध्ये बँकेच्या शाखांची आठ शहरं आहेत. त्यांत कलकत्ता आहे, मुंबई नाही! मग २० क्रमांकाचं ससून हाउस, हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराचं. खांब गेले, उभ्या सरळ रेषा आल्या. हाच आर्ट डेको, १९२०-३० च्या दशकांतली शैली. शेजारच्या २३ क्रमांकाच्या बँक ऑफ चायनाचं (१९३७) छप्पर मात्र चिनी वळणाचं, निळ्या कौलांचं. सरसकट सगळ्या बंडला आर्ट डेको म्हणण्याची चूक फार होते. ती टाळायची तर आधी बांधकामाचं साल बघा.

काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (ससून घराणं ज्यू होतं), १८८४ मध्ये एलियासचे पुत्र जेकब यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं. शांघायचं ओहेल राशेल सिनेगॉग (१९२०) त्यांच्याच पैशातून त्यांच्या पत्नीच्या नावे उभं राहिलं. ते शान्शी उत्तर मार्गावर आहे. आत सहसा सोडत नाहीत, तेव्हा बाहेरूनच बघायच्या तयारीने जा.

प्रश्न : मरीन ड्राइव्हच्या इमारती पाच-सहा मजली, मग त्याच काळात शांघायमध्ये २२ मजले कसे? (एक वाचक, माटुंगा)

उत्तर : २२ मजली ते पार्क हॉटेल, १९३४ चं, वास्तुविशारद लास्लो हुडेक. शांघायची जमीन म्हणजे नदीचा मऊ गाळ. नुसत्या दगडी पायावर उंच इमारत खचते, तीही एका बाजूने जास्त. म्हणून गाळात लांब लाकडी खुंट ठोकून वर काँक्रीटचा अखंड तराफा घालत आणि त्यावर पोलादी सांगाडा उभारत. सांगाडा वजनाला हलका, आणि तराफ्यामुळे भार सगळीकडे सारखा पसरतो. पुढे भूजलाच्या उपशाने शहरच खचू लागलं, तेव्हा १९६० च्या दशकात पाणी परत जमिनीत सोडायला सुरुवात झाली.