देशभक्तिपर गीतांच्या कार्यक्रमात गाणी कोणी ठरवावीत, वादकांनी की वाहिनीने?

गाणी वादकांनीच ठरवावीत. वाहिनीने वेळ सांगावी आणि आवाज नीट पोहोचेल याची काळजी घ्यावी. वाहिनी केवळ लोकांच्या ओळखीच्या गाण्यांचा आग्रह धरते, तेव्हा काय करावे, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात वीस वर्षे हार्मोनियमची साथ करतो आणि हे दुखणे मला चांगलेच ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी 15 ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी आमचा कार्यक्रम एका स्थानिक केबल वाहिनीवरून थेट दाखवला जाणार होता. आम्ही सहा हिंदी, तीन कन्नड आणि दोन मराठी गाणी बसवली होती. दोन दिवस आधी वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखांनी दोन्ही मराठी गाणी खोडली आणि कारण विचारल्यावर ‘उगाच वाद नको’ एवढेच सांगितले. त्यांपैकी एक साने गुरुजींचे ‘बलसागर भारत होवो’ होते. त्यात कोणत्याही राज्याचे नाव नाही, आहे तो केवळ भारत. तरीही सीमाभागात ते मराठीत आहे एवढाच त्याचा गुन्हा ठरला. महाराष्ट्राचा जयजयकार करणारे गीत असते तर मी समजू शकलो असतो, आणि खरे तर तसे गीत मी स्वतःच यादीत घेतले नसते.

शेवटी लहान मुलांच्या नाचासाठी त्यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ ठेवले. 1962 च्या युद्धात गेलेल्या जवानांसाठी लिहिलेले आणि 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी गायिलेले हे गीत म्हणजे शोकगीत आहे. त्यावर मुलांना झेंडे घेऊन नाचवणे म्हणजे तेराव्याच्या जेवणाला सनई लावण्यासारखे आहे. शिवाय जाहिरातींसाठी ते निम्म्यावर तोडायचेही ठरले होते.

भांडण केवळ वाहिनीशीच होते असे मात्र नाही. कन्नड कवी कुवेंपूंच्या नाडगीतासाठी, म्हणजे कर्नाटकाच्या राज्यगीतासाठी, आमच्यातील एक गायक सी. अश्वथ यांच्या चालीवर अडून बसले, तर दुसऱ्यांना म्हैसूर अनंतस्वामींची चाल हवी होती, आणि तालमीचा अर्धा तास त्यातच गेला. पुढे 2022 साली कर्नाटक सरकारने अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी निश्चित केला. वाहिनीला मात्र चालीशी काही देणेघेणे नव्हते; किती मिनिटे लागतील, एवढेच त्यांनी विचारले.

प्रत्यक्ष कार्यक्रमात वाहिनीने बदललेल्या क्रमामुळे काळी एक पट्टीतील, म्हणजे हार्मोनियमची ती काळी पट्टी सा धरून गायच्या, गाण्यानंतर लगेच काळी चार पट्टीतील गाणे आले. तबलजींना दुसरा तबला घेऊन सुरात लावायला मिनिटभर लागणार होते, निवेदिका आत गेलेली होती, आणि शांतता पसरताच कार्यक्रमप्रमुख पडद्याआडून हातवारे करू लागले. मी हार्मोनियमवर ‘बलसागर’ची चाल वाजवली, अर्थातच शब्दांशिवाय. पुढच्या रांगेतील दोन-तीन वृद्ध गुणगुणू लागले. कार्यक्रमप्रमुखांनी अंगठा वर करून मला शाबासकी दिली. ते गाणे त्यांनी ओळखलेच नव्हते.

आपल्या कामाचे सांगायचे तर, यादी गाण्यांचा अर्थ, पट्टी आणि अवधी लिहून महिनाभर आधी द्यावी, म्हणजे शेवटच्या दिवशी पेन चालवणाऱ्याला निदान कारण द्यावे लागेल. पट्टी बदलते तिथे निवेदन ठेवावे. शोकगीत शेवटी घेतलेच, तर त्यानंतर टाळ्यांची अपेक्षा ठेवू नये आणि लगेच राष्ट्रगीत घ्यावे. वाहिनी हट्टाला पेटली तर थेट प्रक्षेपण नाकारावे, असे माझे मत आहे. अर्थात तक्रार झाली की फोन त्या कार्यक्रमप्रमुखांना येतो, मला येत नाही, हे त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आले नव्हते. आपल्या गावी भाषेचा असा प्रश्न नसेल, तर माझे निम्मे बोलणे सोडून द्यावे.

पुढच्या वर्षी वाहिनीने आम्हाला बोलावले नाही आणि ट्रॅकवर, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर, गाणारा संच घेतला. माझ्या वादामुळेच हातचे काम गेले, असे आमचे तबलजी आजही म्हणतात, आणि त्या मिनिटात मी वाहिनीला फसवले असाही त्यांचा आरोप आहे. तबला वेळेत लागला असता तर मला ते मिनिट मिळालेच नसते, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगतो.