शिशातली चांदी आणि मुलाचा प्रकल्प

नाशिकहून एक पालक लिहितात: ‘मुलगा धातुशास्त्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिसे शुद्ध करताना त्यातली चांदी अधिक कशी मिळवता येईल, याचे संगणकीय प्रारूप त्याने प्रकल्पासाठी घेतले आहे. संगणकावरच बसायचे होते, तर ही शाखा कशाला घेतली?’

सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे. पण हे काम संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला एकट्याने जमणारे नाही. वितळलेल्या शिशात जस्त घातले की चांदी शिसे सोडून जस्ताकडे जाते, आणि जस्त शिशात फारसे मिसळत नसल्याने कढई निवताना चांदी-जस्ताचा थर सायीसारखा वर येतो. अलेक्झांडर पार्क्स यांनी इंग्लंडमध्ये १८५० साली पेटंट घेतलेली ही रीत आजही वापरात आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला गोठते. कढई त्या तापमानाच्या जितकी जवळ न्यावी, तितकी शिशात उरणारी चांदी कमी होते. मात्र सायीबरोबर शिसेही उचलले जाते, जस्त जास्त पडले तर ते ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्याचा खर्च वाढतो, आणि चांदी कमी असलेली दुसऱ्या खेपेची साय पुढच्या कढईत घालण्याची पद्धत असल्याने एका कढईतला चुकलेला हिशेब पुढच्या कढईतही उतरतो. किती जस्त, कोणत्या तापमानाला, हे प्रत्येक वेळी कढईवर करून पाहणे महाग पडते. प्रारूपाचा उपयोग तिथे आहे.

मुलाची एक चूक होण्याचा संभव मला दिसतो: संगणकाचे उत्तर म्हणजेच प्रत्यक्ष कढईतला निकाल, असे तो मानू शकतो. फॅक्टसेज किंवा थर्मो-कॅल्कसारखी आज्ञावली समतोल अवस्थेतली मर्यादा, म्हणजे सारे आदर्श झाले तर जास्तीत जास्त किती चांदी निघेल, ते सांगते. ढवळणे कसे झाले, साय काढताना किती शिसे आले, हे तिला आपणच सांगावे लागते. म्हणून त्याने उष्मागतिकी आणि फेज डायग्राम (कोणत्या तापमानाला व प्रमाणात मिश्रण कोणत्या अवस्थेत असते, ते दाखवणारे आलेख) पक्के करावेत, पायथन ही संगणकभाषा शिकावी, आणि सुट्टीत शिशाच्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी अर्ज करावा. राजस्थानात चंदेरिया व दरिबा येथे हिंदुस्थान झिंकचे असे कारखाने आहेत. नोकरीसाठी केवळ शिशावर अवलंबून राहू नये. हेच कौशल्य तांबे आणि पोलाद उद्योगातही चालते. पुढे गेट परीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीत किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीत एम.टेक. करता येईल.

शिसे विषारी असते. म्हणून प्रशिक्षणाला गेलाच, तर रक्तातील शिशाची तपासणी आधी व नंतर करून घ्यावी, आणि कारखान्यातले कपडे न धुता घरी आणू नयेत, एवढे आपण त्याला आवर्जून सांगा.