जमिनीखालच्या पोकळीचा भाडेपट्टा: प्रश्नोत्तरे

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या शेताचे खनिजहक्क पूर्वीच विकले गेले असतील, तर जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड वायू साठवण्याचा कंपनीचा करार कोणाशी होतो?

जमीनमालकाशीच. तिथल्या 2009च्या कायद्याने खडकातली सूक्ष्म पोकळी, म्हणजे पोअर स्पेस, पृष्ठभागाच्या मालकीला जोडली आहे. ती तोडून विकता येत नाही, पट्ट्याने देता येते. वायोमिंग राज्यात मात्र पोकळी वेगळी विकता येते, म्हणून तिथे जुनी खरेदीखते तपासल्याशिवाय सही करू नये. खनिजमालकालाही विसरू नका. त्याने त्याच थरातून विहीर खोदली, तर साठा फुटण्याची वाट तयार होते. त्याच्याशी कंपनीने स्वतंत्र करार करावा आणि तो खर्च जमीनमालकाच्या माथी मारू नये.

मोबदला एकरी घ्यावा की टनावर?

आधी हिशेब पाहा. 30 मीटर जाडीचा, 20 टक्के सच्छिद्र थर धरला, तर एका एकराखाली सुमारे 24 हजार घनमीटर पोकळी येते. ती खाऱ्या पाण्याने भरलेली असते आणि वायू तिच्यातला थोडाच भाग व्यापतो. तो 3 टक्के आणि घनता घनमीटरला 650 किलो धरली, तर एकरी साधारण 470 टन मावतात. टनाला 1 डॉलर दर असेल, तर सगळ्या आयुष्याचे एकरी 470 डॉलर. म्हणून टनदराच्या आकड्यावर भाळण्याआधी थराची जाडी विचारा. दोन्ही घ्यावे: दरवर्षी एकरी भाडे आणि वर टनदर.

खरी मेख वेगळीच असते. ‘या जमिनीवरील विहिरीतून सोडलेल्या टनांवर’ असे शब्द असतील आणि विहीर शेजारच्या शेतात असेल, तर वायूचा पसारा तुमच्याखाली येऊनही हाती शून्य. संपूर्ण साठवण क्षेत्रातल्या एकरांच्या प्रमाणात वाटा मागा. दर 45क्यू करसवलतीशी, म्हणजे कार्बन साठवल्याबद्दल कंपनीला अमेरिकी केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या सवलतीशी, बांधला असेल, तर ती सवलत कार्बन पकडणारी यंत्रणा सुरू झाल्यापासून 12 वर्षेच मिळते. तेराव्या वर्षाचा दर करारात असलाच पाहिजे.

शेजारी सही करत नसेल तर प्रकल्प अडतो का?

नाही. नॉर्थ डकोटात 60 टक्के पोकळीच्या मालकांची संमती मिळाली, की राज्याचा आयोग उरलेल्यांची पोकळीही न्याय्य मोबदल्यावर प्रकल्पात ओढू शकतो.

मुदत कधी संपते?

तेलाच्या पट्ट्याचा मसुदा इथे उचलला, की घोटाळा होतो. तेल संपले की पट्टा संपतो. इथे माल कायमचा खालीच राहतो. अमेरिकी केंद्र सरकारच्या क्लास सहा नियमांत, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली सोडणाऱ्या विहिरींच्या नियमांत, वायू सोडणे थांबल्यावर देखरेखीची मूळ मुदत 50 वर्षे आहे. नॉर्थ डकोटात किमान 10 वर्षांनी पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, की साठ्याची मालकी आणि जबाबदारी राज्याकडे जाते. मधल्या काळात भाडे चालू राहील का, निरीक्षण विहिरींसाठी रस्ता कोण दुरुस्त करेल, हे लिहून घ्या. ‘कंपनी हवे तेव्हा क्षेत्र सोडू शकेल’ हे कलम वायू न पोहोचलेल्या एकरांपुरतेच ठेवा. नाहीतर साठा तुमच्याखाली आणि भाडे बंद. प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला, तर नुकसानभरपाईची हमी तिच्यावरही बंधनकारक हवी. विकणारी कंपनी नव्या कंपनीने लेखी जबाबदारी घेईपर्यंत मोकळी होता कामा नये.