जुनी नंबरप्लेट : रंगवावी की राखावी?

प्रश्न : माझ्या संग्रहात दोन जुन्या नंबरप्लेट आल्या आहेत, एक एनॅमलची आणि दुसरी उठावदार अंकांची, रंगवलेल्या पत्र्याची. दोन्हींवर गंज आहे. त्या नव्याने रंगवून घ्याव्यात का?

उत्तर : एनॅमलची पाटी कृपया रंगवू नका. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०३ मध्ये दिलेल्या पहिल्या पाट्या याच प्रकारच्या होत्या. लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी भट्टीत वितळवून एनॅमलचा हा थर बसवलेला असतो, त्यामुळे वाकलेली पाटी सरळ करण्यासाठी ठोकली की काच तडकते, टवके उडतात आणि ते नुकसान कायमचे ठरते. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ कापड वापरून ती स्वच्छ करावी, लगेच कोरडी करावी आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर मेणाचा पातळ थर द्यावा.

रंगवलेल्या पत्र्याबाबत थोडी मोकळीक आहे. मूळ रंग बहुतांश शाबूत असेल, तर फिकटपणासह तो तसाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खरेपणाची खूण त्यातच असते. रंग जवळजवळ नाहीसा झाला असेल, तरच गंज काढून, अस्तर देऊन पाटी रंगवावी. मात्र आधी छायाचित्रे काढावीत आणि पाटी पुढे दुसऱ्याला देताना ती पुन्हा रंगवल्याचे अवश्य सांगावे.

दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे इलिनॉय राज्याने सोयाबीनपासून बनवलेल्या पुठ्ठ्यासारख्या पाट्या दिल्या होत्या. तशी एखादी मिळाल्यास तिला पाणी मुळीच लावू नये.