माळा उतरवताना
भावा, पेठेतलं जुनं घर रिकामं करतोयस ना? मग भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी माळ्यावर स्वतः चढ. पितळ किलोवर जातं, त्यावर कोरलेलं आजीचं नाव फुकटात. माझं एक घंगाळ असंच गेलं, अजून चुटपुट लागते.

मापटं, चिपटं ही धान्य मोजायची जुनी मापं सापडली तर संच जुळव: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चिंचेनं हलक्या हातानं घास. मशीनवर पॉलिश नको, अक्षरं झिजतात. पितळी भांड्यात आमटी करणार असशील तर आधी कल्हई. लाकडी देव्हारा भिंतीपासून चार बोटं लांब ठेव, आपल्या पावसात ओल धरली की वाळवी आलीच. जुने फोटो मात्र वरच्या मजल्यावर. २०१९ चा पूर विसरलास काय?