शंभर पाच म्हणजे एकशे पाच नव्हे

एक ते दहा व्हिएतनामी आकडे पाठ असूनही हनोईच्या बाजारात ‘मोत चम नम’ हा भाव ऐकून आपण एक लाख पाच हजार डोंग पुढे केले आणि विक्रेती मान हलवत राहिली, हे आपल्या पत्रात वाचून मला माझे तेथील पहिले वर्ष आठवले. आकडे कसे पाठ करावेत हे सांगत बसत नाही. ते आपल्याला येतातच. आपली अडचण न उच्चारलेल्या शून्याची आहे.

मराठीत आपण ‘एकशे पाच’ म्हणतो आणि मधले शून्य गाळतो. व्हिएतनामीत ते गाळता येत नाही. एकशे पाच म्हणजे ‘मोत चम लिन् नम’. त्यातील ‘लिन्’ हे रिकाम्या दशकस्थानाचे नाव आहे. ते नसेल, तर शंभरानंतरचा पाच आपोआप दशकाच्या जागी बसतो आणि दीडशे होतात. बाजारात ‘ङीन’, म्हणजे हजार, हा शब्दही गृहीत धरतात. म्हणून आपल्याकडे दीड लाख डोंग मागितले गेले होते.

मला हा नियम फार महाग पडला. घर दाखवणाऱ्या एका कार्यालयात भाडे ‘साउ चिएउ ताम’ असे सांगण्यात आले. ‘चिएउ’ म्हणजे दहा लाख, तेव्हा भाडे साठ लाख डोंग हे मी ताडले. थोड्याच वेळापूर्वी भाडे कोणत्या तारखेला द्यायचे हे बोलणे झाले होते, त्यामुळे शेवटचा ‘ताम’ म्हणजे आठ तारीख असे मी स्वतःच ठरवून टाकले, आनंदाने मान डोलावली आणि अनामत भरली. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांआधी ‘मुंग’ हा शब्द लावतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. करारनाम्यावर 6.800.000 हा आकडा दिसला (तेथे हजारांची फोड टिंबाने करतात) तेव्हा मी हरकत घेतली. समोरच्या गृहस्थांनी तेच तीन शब्द तितक्याच वेगाने तीनदा ऐकवले. कागदावर लिहून दाखवण्याची तसदी मात्र घेतली नाही, आणि माघार घेतल्यास अनामत परत मिळणार नाही, एवढे मात्र अत्यंत स्पष्टपणे समजावले. मी घर घेतले. वर्षभरात माझ्या हिशेबाबाहेर शहाण्णव लाख डोंग गेले. चूक माझीच होती हे मान्य आहे. तरीही परक्या माणसाकडून पैसे घेताना आकडा लिहून दाखवायला किती वेळ लागतो, हा प्रश्न मला आजही पडतो.

मी भाषाशिक्षक नाही आणि माझे कान हनोईत तयार झाले आहेत. दक्षिणेत ‘ङीन’ऐवजी ‘ङान’ आणि ‘लिन्’ऐवजी ‘ले’ ऐकू येईल. तरीही माझे मत असे की, एक ते शंभर क्रमाने घोकण्यात वेळ घालवू नये. तो भाग मराठीपेक्षा कितीतरी सोपा आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ज्या ‘वीस एक’ पद्धतीवर आपल्याकडे एवढा गदारोळ झाला, जवळपास तीच तेथे रोजची आहे. मात्र पंधरापासून पुढे एककातील ‘नम’चा ‘लम’ होतो, हे सांभाळावे. ‘मुओइ लम’ म्हणजे पंधरा, तर ‘मुओइ नम’ म्हणजे दहा वर्षे. ‘ङ’ शब्दाच्या आरंभी उच्चारणे जड जाईल, पण वाङ्मय म्हणणाऱ्याला तो निदान ओळखीचा असतो.

त्याऐवजी भाव ऐकल्यावर तो पूर्ण करून परत म्हणण्याची सवय लावावी. ‘साउ चिएउ ताम’ ऐकले की ‘साउ चिएउ ताम चम ङीन?’ असे विचारावे. ‘रुओइ’, म्हणजे अर्धा, हा शब्द तर आपल्याला लगेच उमगेल, कारण ‘हाय चम रुओइ’ म्हणजे सरळ आपले अडीचशे. आणि नोटा मोजताना वीस हजारांची व पाच लाखांची नोट उजेडात धरून पाहावी. दोन्ही निळसर असतात.